तळहातावरची चव

कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या आचाऱ्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या कागदावर होतं. बाकी सगळे त्याला पिंप म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही मुकाट ओ देई. आचारी काडीसारखा असला तर त्याच्या हातच्या जेवणावर कोण विश्वास ठेवील, असं तो स्वतःच म्हणायचा.

पण पुढे गुडघ्यांनी दगा दिला. झोपेत श्वास अडकायला लागला. बायको त्याच्या घोरण्यावर कान ठेवून जागी राहायची, कारण घोरणं थांबलं की ती त्याला हलवून उठवायची. शेवटी डॉक्टरांनी पोटाची पिशवी कापून लहान करायचं सुचवलं, आणि हो-नाही करता करता तो तयार झाला.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आधी पातळ, मग गाळलेलं, असं करत करत गाडी मऊ जेवणावर आली. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी एक इवलीशी वाटी पुढे ठेवली.

"या वाटीत मावेल तेवढंच. म्हणजे चार चमचे. कुस्करलेला बटाटा चालेल, मऊ अंडं, उकडलेला मासा. प्रत्येक घास चावून चावून खायचा. भरल्यासारखं वाटलं की चमचा खाली, वाटीत उरलं असलं तरी. आणि जेवताना पाणी नाही."

"बाई, एवढ्याशा वाटीत मी मीठ ठेवतो," आचारी म्हणाला.

बाई हसल्या. बायको हसली नाही. तिने वाटी पदराने पुसून पिशवीत ठेवली.

रजेवर घरी होता तोवर सगळं सुरळीत चाललं. ती वाटी भरायची, तो पोरासारखा चिमूट चिमूट खायचा, आणि खाल्लेलं पोटात राहायचं. कामावर रुजू झाला आणि चक्र उलटं फिरलं. दुपारी डबा उघडून दोन चमचे खाल्ले, की छातीच्या मधोमध कुणीतरी बोळा कोंबल्यासारखं व्हायचं. तोंडाला पाणी सुटायचं आणि सगळं वर यायचं. तो कोठीमागच्या मोरीत जाऊन ओकायचा. भांडी घासणारी मावशी तिथेच बसलेली असे. ती नळ मोठा सोडायची, म्हणजे आवाज बाहेर जात नसे.

आवाज जाऊन चालणार नव्हतं. कामावर आला त्या दिवशीच कॅन्टीनच्या कंत्राटदाराने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं होतं.

"पिंपाची बाटली झाली की रे. बरा आहेस ना पण? माझ्या स्वयंपाकघरात आजारी माणूस नको. उलटी, खोकला, असलं काही दिसलं तर मी दुसरा आणीन. मग माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

"ठणठणीत आहे, साहेब," आचारी म्हणाला होता.

ठणठणीत माणूस आता घोटभर पाण्यालाही घाबरत होता. डोळे खोल गेले. पातेलं उतरवताना मधेच टेकवावं लागायचं. डॉक्टरांनी तपासून चेहरा गंभीर केला. "आतली वाट अरुंद झाली असेल. सोमवारी दुर्बीण घालून बघू. तसं असलं तर पुन्हा काहीतरी करावं लागेल."

काहीतरी म्हणजे काय, हे विचारायची छाती त्याला झाली नाही. त्याने मनाशी धरलं, की पुन्हा टेबलावर जायचं, आणि या खेपेला काही आपण उठत नाही.

घरी बायकोने वेगळाच विषय काढला.

"माझ्या हातचं घरी राहतं आणि तिथे गेल्यावर उलटतं, असं कसं? तुम्ही तिथे चोरून खाताय."

"लेकीची शपथ, एक कण तोंडात टाकत नाही."

"लेकीला कशाला मध्ये ओढता?"

"मग काय करू? पोट उघडून दाखवू? ते तर डॉक्टर दाखवतीलच सोमवारी."

हे बोलून तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलताना दिसले तेव्हा बायकोने भांडण तिथेच सोडलं. पण दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन स्वतःच कॅन्टीनच्या मागच्या दाराने आत आली आणि कांद्याच्या पोत्यावर बसली.

"पहारा द्यायला आलीस? दे," आचारी म्हणाला. "चांगली डोळ्यांत तेल घालून बघ. एक कण तरी तोंडात टाकतो का बघ."

असं म्हणत त्याने डावाने पातेलं ढवळलं, डावाच्या टोकाने थोडा रस्सा डाव्या तळहातावर घेतला आणि चाटला.

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"आत्ता. हातावर घेऊन."

"चव बघितली."

"गिळलीत ना?"

"मग? गिळल्याशिवाय मागची चव कळते होय?" तो चिडून म्हणाला आणि पुढच्या पातेल्याकडे वळला.

तिने मावशीकडून एक रिकामा पेला मागून घेतला. तो तळहात चाटायचा, की ही त्याच पातेल्यातलं तेवढंच पेल्यात टाकायची. मीठ घातलं, चव. तिखट घातलं, पुन्हा चव. बटाटा शिजला का, एक फोड. डाळ मिळून आली का, बोटभर. त्याचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. उभी हयात त्याचा हात हे असं करत आला होता. श्वास घेण्याला कुणी खाणं म्हणत नाही, तसं तो यालाही म्हणत नव्हता.

वाढायची वेळ झाली तेव्हा तिने दवाखान्यातली वाटी त्याच्यासमोर ठेवली आणि पेला तिच्यात ओतायला लागली. वाटी भरली. ती ओततच राहिली. रस्सा काठावरून फरशीवर सांडला, वाटीभोवती तळं झालं, तरी पेल्यात उरलंच होतं.

"हे जेवणाआधीचं," ती म्हणाली. "आता याच्यावर माझा डबा खायचा."

आचारी मटकन पोत्यावर बसला. पोटाचं कोडं सुटलं होतं, पण त्याला आनंद झाला नाही. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. न चाखता रांधायचं म्हणजे काय, हे त्याला कळेना.

बायकोने तिथूनच आहाराच्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "सोमवारची तपासणी टाळू नका. पण आजपासून गिळणं बंद. जिभेवर घ्या आणि थुंकून टाका."

"थुंकू?" आचारी म्हणाला. "ज्यांनी मला डाव धरायला शिकवलं ते म्हणायचे, स्वयंपाकघरात जो थुंकला त्याने दुसरं काम बघावं. लोकांच्या पानात जाणारं अन्न आहे हे."

"मग दुसऱ्या कुणाला चाखू द्या."

पुढच्या दिवशी तेही त्याने करून पाहिलं. मावशीने चाखून सांगितलं, "छान झालंय, भाऊ." मावशीला सगळंच छान लागायचं. त्या दिवशी खिडकीतून तीन थाळ्या परत आल्या. एकजण म्हणाला, "पिंपा, पोटाबरोबर जीभ पण कापली का?" रांगेतले सगळे हसले. आचारीही हसला, आणि कोठीत जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिला. जीभ वापरली तर पोट जातं, पोट सांभाळलं तर काम जातं. आपल्यातला नेमका किती माणूस ठेवायचा, आणि उरलेल्याला कामावर कोण ठेवून घेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तळहातावर रस्सा घेतला आणि तोंडात धरला. गाल फुगवून, भट्टीपासून मोरीपर्यंत, चोरासारखा निघाला. मावशीने त्याला येताना पाहिलं आणि नळ मोठा सोडला. तो थुंकला, चूळ भरली, हात धुतले, परत आला. पातेलं बदललं, पुन्हा तेच. येता जाता त्याला वाटे, शिकवणाऱ्याची नजर पाठीवर आहे.

शेवटच्या पातेल्याचा घोट तोंडात असताना कंत्राटदार दारात उभा राहिला. ते दार नेमकं मोरीच्या वाटेवर होतं.

"काल थाळ्या परत आल्या म्हणे. काय रे, बरं नाही का?"

आचारी बोलू शकत नव्हता. त्याने मान हलवली.

"तोंडात काय धरलंयस? बोल की."

एक घोट तर होता. गिळला असता तर कुणाला कळलं नसतं. त्याच्या घशाने तशी तयारीही केली. मग त्याला वाटीभोवतीचं ते फरशीवरचं तळं आठवलं, आणि सोमवार आठवला. तो अंग चोरून कंत्राटदाराच्या बाजूने पुढे गेला, मोरीवर वाकला आणि थुंकला. मावशी गोंधळून नळ सोडायची विसरली. आवाज सगळ्या स्वयंपाकघरात ऐकू गेला.

"हे काय?" कंत्राटदार म्हणाला.

आचाऱ्याने सावकाश चूळ भरली, हात साबणाने धुतले.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला, आणि भट्टीकडे जाऊन मीठ टाकू लागला.

त्या दुपारी एकही थाळी परत आली नाही. कंत्राटदार कोपऱ्यातल्या टेबलावर जेवायला बसला, एकटाच. आचाऱ्याने कोठीच्या पायरीवर डबा उघडला. पहिला चमचा. दुसरा. तिसऱ्याला छातीत किंचित दाटलं, तशी त्याने वाटी खाली ठेवली आणि वाट बघत बसला. खाल्लेलं जागेवर राहिलं.

समोर कंत्राटदाराने ताट पुसून खाल्लं, हात धुतले आणि बोट वाकवून त्याला बोलावलं. आचारी उठला. उरलेला एक चमचा बटाटा तसाच झाकून ठेवला, आणि काय विचारलं तरी खरं तेच सांगायचं ठरवून त्या टेबलाकडे चालू लागला.