तीन अक्षरांचा चमचा

दर रविवारी मी कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे हटकून जायचो. जुन्या काचेच्या बाटल्या, अत्तरदाण्या, मोडकी फुलदाणी, काय वाट्टेल ते उचलून आणायचो. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही आणि हा कचरा आणतो, असं आईचं म्हणणं. खोटं नव्हतं, पण डोकं फिरायचं माझं.

ऐंशीच्या दशकात त्याच भंगारवाल्याच्या ढिगात मला चांदीचा एक चमचा मिळालेला. पातळ, हाताने ठोकलेला, दांड्यावर वळणदार तीन इंग्रजी अक्षरं. मागचा शिक्का लायब्ररीतल्या पुस्तकाशी ताडून पाहिला. जुना अमेरिकन! तो कल्याणला कसा पोचला, देव जाणे. महिनाभर मी हवेत होतो.

एक दिवस कामावरून आलो, तर चमचा गायब.

"अरे, शेजारच्या काकूंचा होता तो," आई म्हणाली. "त्यांच्या दारावरच्या पाटीवर तीच तर अक्षरं आहेत. सत्यनारायणाला त्यांची भांडी आणलेली, त्यात राहिला असेल. वाटीत साखर घालून देऊन आले."

"आई, अगं तो अमेरिकेचा आहे!"

"अमेरिकेवाले कशाला आपल्याकडे चमचा विसरतील?"

कप्पाळ! भांड्यावर ज्याचं नाव, त्याचं भांडं. आमच्या चाळीत हाच कायदा.

तणतणत शेजारी गेलो. काकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. काकू अंगठ्याने ती अक्षरं पुसत बसलेल्या. "ह्यांचाच बघ," म्हणाल्या. चहा पिऊन परत आलो. चिडायचं कुणावर, तेच कळेना.

पुढे तो चमचा मी त्यांच्या लोणच्याच्या बरणीत पाहिला. चांदी आणि लोणच्यात! जीव जळायचा नुसता.

नव्वदच्या दशकात आम्ही ठाण्यात बाळकुमला ब्लॉक घेतला. निघायच्या दिवशी काकू शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. वाटीत तो चमचा.

"घे, तुझाय. ह्यांनी सगळ्या भांड्यांवर नाव घातलं ते मराठीत. मला पहिल्याच दिवशी कळलेलं. पण अक्षरं ह्यांची निघाली, मग नाही रे देववला. चिडलास?"

चिडलेलो का? मला आजही सांगता येत नाही. मी शिरा खाल्ला आणि वाटी धुतली. रिकामी वाटी परत करायची नसते, आणि सामान सगळं टेम्पोत चढलेलं. घरात साखरेचा कण नव्हता.

मी वाटीत चमचा ठेवला आणि ती काकूंच्या हातात दिली.