चादरीतली शेवंती

सावित्रम्मांना प्रश्न पडला की त्या तो गिळत नसत. समोर जो कोण असेल त्याच्या पुढ्यात ठेवून मोकळ्या होत. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या गल्लीत नवा भाडेकरू आला, तर सामान उतरायच्या आत त्याचं गाव, नोकरी आणि त्याला भाकरी कडक लागते की मऊ, एवढं त्यांना ठाऊक झालेलं असे.

घरासमोर महापालिकेची बाग. शेजारची महेश्वरी दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरून बागेतून येताना एकदा ती अंधारात पाइपात पाय अडकून पडली आणि सावित्रम्मांनी दिव्याचा ध्यास घेतला. झोन ऑफिसात जाऊन त्यांनी ‘दिवा कधी?’ हा एकच प्रश्न इतक्यांदा विचारला, की शेवटी बागेत उंच खांब उभा राहिला. त्याला चार तोंडं, चारी आ वासलेली. नारळ सावित्रम्मांनीच फोडला. सोसायटीचे चेअरमन प्रभुलिंग यांनी भाषण केलं; त्यात लाइट प्रॉपर होती, बाग प्रॉपर झाली होती आणि सावित्रम्मा तर फारच प्रॉपर होत्या. गच्चीवर बसून पेपर वाचता यावा असा लख्ख उजेड. दिवेलागणीनंतरही कावळे काव काव करत हिंडायला लागले.

बागेच्या कुंपणालगत सावित्रम्मांची शेवंती होती, माळी बिरप्पाच्या संमतीनं लावलेली. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली, की या शेवंतीचा हार देवाला जायचा. विकतच्या फुलांचा हार त्यांनी आजवर नेला नव्हता. पण यंदा दिवाळी उलटली तरी रोपं नुसतीच पालेदार. कळी म्हणून नाही.

सावित्रम्मांनी आधी महेश्वरीच्या साबणाच्या पाण्यावर संशय घेतला. मग खतावर. मग दृष्टीवर, आणि काळी बाहुली टांगली. बिरप्पा म्हणाला, रोपंच खोटी दिली असतील नर्सरीवाल्यानं. पण पाण्याच्या टाकीमागचं एक रोप कळ्यांनी लगडलं होतं. तेही त्याच नर्सरीतलं, पाणीही तेच.

“ह्येलाच कसं काय सुचलं?” सावित्रम्मांनी बिरप्पाला विचारलं.

“मला काय म्हाईत? त्येलाच इचारा की.”

त्यांनी खरंच विचारायचं ठरवलं. दोन-तीन संध्याकाळी त्या रोपापाशी स्टूल टाकून बसल्या. खांबावरचा दिवा लागला की अख्खं कुंपण उजळायचं. टाकीची सावली मात्र बरोबर त्या एका रोपावर पडायची. सावित्रम्मांनी उजेडातल्या रोपाकडे बघितलं, सावलीतल्याकडे बघितलं आणि घरातून सोलापुरी चादर आणली. चार काठ्या रोवून त्यांनी उजेडातलं एक रोप पार झाकून टाकलं. सकाळी चादर काढायची, दिवा लागला की घालायची.

गल्लीला विषय मिळाला. झाडाला थंडी वाजते का, उशी हवी का, विक्सची बाटली देऊ का, अशी चौकशी फिरायला येणारे जाता-येता करू लागले. सावित्रम्मा सगळ्यांना एकच सांगत: बघूया की, काय होतंय ते.

मार्गशीर्षात चादरीतल्या रोपाला कळ्या धरल्या. चौकशी थांबली. लोक वाकून बघू लागले.

आता पंचाईत अशी, की वैरी ठरला तो दिवा त्यांनीच मागून आणलेला. प्रभुलिंगांनी ते लगेच काढलं: नारळ फोडून आणलेली प्रॉपर गोष्ट फुलांसाठी बंद करायची, तर ऑफिसात तोंड कुठल्या बाजूनं दाखवायचं? तेवढं सावित्रम्मांनी ऐकून घेतलं. पण महेश्वरी हळूच म्हणाली, “अम्मा, मी मग परत अंधारातनं येऊ का?”

“बेडव्वा बेडा,” त्या म्हणाल्या, “तसलं नको.”

दुसऱ्या दिवशी त्या झोन ऑफिसात गेल्या. त्यांना बघताच शिपाई म्हणाला, आजी, दिवा तर दिला की. समोरच्या तरुण इंजिनिअर बाईंना त्या म्हणाल्या:

“दिवा लई झाला बाई. वाट दिसावी म्हणून मागितला, तुमी आभाळ दाखवालाव. आमच्या झाडांना रात्रच मिळंना.”

इंजिनिअर बाईंनी असली तक्रार कधी ऐकली नव्हती. त्या संध्याकाळी स्वतः बागेत आल्या, चादर उचलून बघितली, टाकीमागेही डोकावल्या. कुठला दिवा वाटेला लागतो आणि कुठला उगाच जळतो, ते त्यांनी महेश्वरीला चालायला लावून ठरवलं. पुढच्या आठवड्यात शिडीची गाडी आली. कुंपणाकडची दोन तोंडं बंद झाली. वाटेवरच्या दोन तोंडांना वरून झाकण बसलं आणि माना खाली घालायला लावल्या. पाइपात पाय अडकला होता तिथं उजेड राहिला. गच्चीवरचा पेपर गेला. प्रभुलिंग आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, की लाइट अशी प्रॉपर खाली बघणारीच असावी, हे त्यांचं पहिल्यापासूनचं मत होतं.

संक्रांत आली तेव्हा फुललेली रोपं दोनच: टाकीमागचं आणि चादरीतलं. बाकीच्यांवर आता कुठं मोहरीएवढ्या कळ्या दिसत होत्या. महेश्वरी म्हणाली, थोडी विकत आणून भर घालूया. सावित्रम्मांनी मानेनंच नको म्हटलं. दोन रोपांच्या फुलांचा वीतभर हार झाला. तेवढाच त्यांनी देवाला नेला. गुरवानं तो मोठ्या हारांच्या वर, समोर दिसेल असा ठेवला.

गड्डा उठला, पाळणे उतरले, आणि मग सगळं कुंपण पिवळंधमक झालं. बिरप्पा कपाळाला हात लावून उभा.

“आता ह्येचं काय करायचं, अम्मा? जत्रा तर संपली.”

सावित्रम्मा स्टूल ओढून फुलांसमोर बसल्या. “ऱ्हाऊ द्या की झाडावरच. किती दिवस टिकतात, बघायचं न्हाय व्हय?”