समुद्रापार गेलेली वाटी

या गं, या सगळ्या. अशा लांबून अंगठ्याने स्क्रीन वर ढकलत वाचू नका, जरा जवळ बसा. तुमची खोड मला ठाऊक आहे... अर्धं वाचता आणि खाली लिहून मोकळ्या होता, "फेक वाटतंय." अगं, म्हातारीचं आधी ऐकून तर घ्या! मग काय म्हणायचं ते म्हणा.

मी सातवी शिकलेली बाई. फोनवर मराठी लिहायला सुनेने शिकवलं, एका बोटाने लिहिते. चुका झाल्या तर पोटात घाला.

पहिलं सांगते, मी भुताखेतावर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. आमचे हे अमरावतीला सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. ताप आला की गोळी, पोट दुखलं की औषध, दुसरं काही चालायचं नाही. मी पोरांची दृष्ट काढायची तेव्हा हे हसायचे — "झालं का तुझं इंजेक्शन देऊन?" मीही हसायची. दृष्ट म्हणजे माझ्यासाठी सवय, झोपताना पांघरूण घालतो ना लेकराला, तशी. असो. हे गेले, आणि मी इकडे अमेरिकेत पोरांकडे आले.

राहते एडिसनला, मुलाकडे. सचिन आणि सून मधुरा. टाउनहाउस आहे, मागे चटईएवढं बॅकयार्ड. मुलगी केतकी, जावई नीलेशराव आणि माझी नात राही पायी दहा मिनिटांवर, अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर. राही चार वर्षांची. जन्मल्यापासून माझ्या मांडीवर. सकाळी आठला मी तिकडे जायची, संध्याकाळी केतकी ऑफिसातून आली की परत. चार वर्षांत तापाने पडले तेवढेच दिवस चुकले असतील.

मग नीलेशरावांचा जॉब गेला. व्हिसावाल्यांचं तुम्हाला मी काय सांगू, साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर देश सोडा! केतकी त्यांच्याच व्हिसावर, म्हणजे तिचंही काम गेलं. पन्नासाव्या दिवशी त्यांच्या जुन्या मॅनेजरने एक काँट्रॅक्ट दिलं. काम घरून करायचं, पण अमेरिकेच्या बाहेर राहून, घड्याळ मात्र इकडचंच. आणि ह्यांनी शोधलं काय, तर बार्बाडोस!

मी म्हटलं, "हे क्रिकेटवालं?" आमचे हे रेडिओला कान लावून बसायचे तेव्हा ऐकलेलं नाव.

"हो आई, क्रिकेटवालंच," नीलेशराव म्हणाले. "वर्षभर राहायचं. समुद्र आहे, इंग्लिश बोलतात, राहीला शाळा मिळेल."

"मग पुण्याला जा की. तिथे तुमची आई आहे."

"आई, पुण्याला गेलो तर रात्रभर जागून काम करावं लागेल."

"आणि एवढुशा पोरीला घेऊन बेटावर? तिथे आपलं कोण आहे?"

केतकी वैतागली. "इथे तरी कोण होतं गं आम्ही आलो तेव्हा? तू आता सुरू नको होऊस, प्लीज."

मी गप्प बसले. तोंडाने गप्प. मनातलं पुढे सांगते.

मार्च महिना. सामान न्यायला पॅकिंगवाले आले, दोन दांडगे पुरुष. इतके भराभर हात चालायचे की बघत राहावं. ते लोक काही विचारत नाहीत हो, दिसेल ते कागदात गुंडाळतात आणि खोक्यात टाकतात. कचऱ्याचा डबा आतल्या कचऱ्यासकट पॅक करत होते, मदतीला आलेल्या मधुराने ओरडून थांबवलं.

राही त्या पसाऱ्यात नाचत होती. पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या, आणि दिसत होती अशी की... मी बघतच राहिले. म्हटलं, एवढ्या लांब चालली आहे पोट्टी, दृष्ट काढू. वाटीत मीठ-मोहरी आणि सात सुक्या मिरच्या घेतल्या. तिला बेडरूममध्ये खोक्यावर बसवलं आणि मूठ उतरवायला लागले. आल्यागेल्याची, शेजारणीची, पॅकिंगवाल्यांची, सासरच्यांची, माहेरच्यांची, आईची, बापाची...

"आजी, व्हॉट आर यू डूइंग?"

"तुला कोणी जास्त बघितलं असेल ना, ते काढून टाकते."

"बट यू आर लुकिंग अ‍ॅट मी."

मी हसले. तिचे दोन्ही गाल चोळले.

आता मिरच्या जाळायच्या असतात. निखाऱ्यावर टाकल्या आणि ठसका लागला तर काही नव्हतं. ठसका लागलाच नाही, तर समजायचं मोठी दृष्ट होती. पण केतकीकडे जाळायची चोरी! राहीच्या पहिल्या वाढदिवसाला मी तव्यावर जाळल्या होत्या, तर धुराचा अलार्म वाजून आगीचा बंब आला, अख्खी बिल्डिंग जानेवारीच्या थंडीत चपलांवर खाली उभी. तेव्हापासून केतकीची सक्त ताकीद. म्हणून मी ठरवलं, वाटी घरी न्यायची आणि सचिनच्या बॅकयार्डात जाळायची. वरून कागद बांधला, वाटी ओट्यावर सिंकजवळ ठेवली. तेवढ्यात केतकीने हाक मारली, "आई, राहीचा दुसरा बूट बघ गं!" बूट शोधण्यात तासभर गेला.

परत येऊन बघते तर ओटा लख्ख रिकामा. खोकी टेप लावून ट्रकमध्ये चढलेली.

कोणाला काही बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार? सत्तर खोक्यांतून एक वाटी शोधा म्हणू? म्हटलं जाऊ दे, आपण कुठे मानतो. पण जे काढून टाकायचं, ते तिच्याच पाठोपाठ बोटीने निघालं होतं.

ते तिघं विमानाने गेले. सामानाला सहा-सात आठवडे लागणार होते. ते आठवडे छान गेले, खोटं का बोलू. रोज व्हिडिओ कॉल. राही वाळूत लोळतेय, घरमालकीणबाईंच्या कोंबड्यांमागे पळतेय. "आजी, द वॉटर इज वॉर्म!" शाळेत जायला लागली, तिथले हेल काढून बोलायला लागली. मी स्वतःलाच म्हटलं, बघ, उगाच जीव टांगणीला लावला होतास.

मे महिन्यात एका मंगळवारी दुपारी खोकी आली. केतकीने फोनवर दाखवलीसुद्धा, हॉलभर रचलेली. राही एका खोक्यावर चढून बसली होती.

त्याच संध्याकाळी तिला ताप भरला.

डॉक्टर झाले, एक सोडून दोन. रक्त तपासलं, डेंग्यूचं तपासलं, सगळं नॉर्मल. चार दिवसांनी ताप उतरला, पण पोर काही परत आली नाही. बोलेना. खाईना. केतकी भरवायची तर घास गालात तसाच. दिवसभर त्या खोक्यांना पाठ लावून बसायची. काही खोकी अजून उघडलीच नव्हती, एवढ्या धावपळीत कोणाला सुचणार? आणि एक गोष्ट मला केतकीने सांगितली नाही, मी स्वतः पाहिली. मधुराचा फोन आला की राही नुसती बघत राहायची. मामाचा आला तरी तसंच. माझा चेहरा स्क्रीनवर आला, की दोन्ही हातांनी डोळे झाकून घ्यायची. गच्च.

तीन आठवडे झाले. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. केतकी एकदा फोनवर म्हणाली, "आई, ती माझ्याकडे बघते ना, तर मी तिथे नसल्यासारखी बघते गं." आणि रडायला लागली. पुढे म्हणाली, डॉक्टर हॉस्पिटलमध्ये ठेवून नळीने भरवायचं म्हणतायत.

तेव्हा मी वाटीचं सांगितलं.

मग केतकीचा आवाज चिरला. "आई, माझं मूल जेवत नाहीये आणि तू मला मिरच्यांचं सांगतेस?"

मी म्हटलं, "बेटा, मी वेडी आहे असं समज. पण शोध."

रविवारी त्यांनी शोधली. कुकर आणि चहाच्या कपांच्या खोक्यात, तळाशी. नीलेशराव बिचारे सज्जन माणूस, सासूच्या वेडापायी अंगणात बार्बेक्यूचे कोळसे पेटवले. दुपारचे चार वाजले असतील. उन्हाळ्यात त्यांचं आणि आमचं घड्याळ एकच. मी इथे सचिनच्या किचनमध्ये टेबलाशी फोन टेकवून बसलेली. मधुरा वर कपड्यांच्या घड्या करत होती, सचिन हॉलमध्ये. शेगडी बंद. दुपारचं जेवण एक वाजताच आटोपलं होतं.

केतकीने राहीला कडेवर घेतलं होतं. राहीचे डोळे झाकलेले, अर्थात. नीलेशरावांनी वाटी निखाऱ्यांवर उपडी केली. मोहरी तडतडली, मला इथे ऐकू आली. मिरच्या काळ्या पडल्या.

"आई, वास नाही येत," नीलेशराव म्हणाले.

"जवळ जाऊन बघा."

ते वाकले. पार तोंड नेलं हो निखाऱ्यांवर! "काहीच नाही. कागद जळतोय असं वाटतंय."

केतकी पहिल्यांदा घाबरलेली दिसली. लहानपणापासून बघितलेलं होतं ना तिने. "आई... तू सगळ्यांची नावं घेतली होतीस ना? कोणी राहिलं का?"

आता मी काय सांगू तुम्हाला. काढणारी बाई सगळ्यांची नावं घेते. आईबापाचीसुद्धा घेते, त्यांची तर आधी लागते म्हणतात. स्वतःचं मात्र घेत नाही, तिला वाटतं मी तर काढणारी. मी फोनकडे न बघता, हळूच म्हटलं, "आणि आजीची."

वाक्य पुरं झालं आणि माझ्या घशात आगीचा गोळा बसला. मिरचीचा ठसका! असा, की श्वास आत जाईना. डोळ्यांतून धारा. सचिनच्या किचनमध्ये, बायांनो, एडिसनला! वर छताला अलार्म कोकलायला लागला. मधुरा जिन्यावरून खोकत खोकत खाली आली, "आई, काय जळतंय? काय ठेवलंय तुम्ही?" तिने शेगडीवर हात ठेवून बघितला. गार. ओव्हन गार. धूर कुठेच नाही, नुसती ती झणझण. सचिनने खिडक्या उघडल्या, टॉवेलने अलार्मला वारा घातला, आणि तोही खोकत होता. म्हणजे एकट्या म्हातारीचा भास नव्हता.

आणि फोनमधून आवाज आला. तीन आठवड्यांनी.

"ममा, आय अ‍ॅम हंग्री."

त्या दिवशी तिने दोन वाट्या वरणभात खाल्ला. आठवड्याभरात कोंबड्यांमागे पळायला लागली.

सचिनने पुढे कारणं शोधली. म्हणाला शेजाऱ्यांच्या किचनमधून व्हेंटच्या झरोक्यातून आलं असेल. शेजारी त्या आठवड्यात गावाला गेलेले. मग म्हणाला अलार्मची बॅटरी. बॅटरीने ठसका लागतो का रे? डॉक्टर म्हणाले, देश बदलला की मुलं कधीकधी अशी मिटतात आणि आपोआप उघडतात. असेलही. आमचे हे असते तर डॉक्टरांचीच बाजू घेतली असती.

पण मनातलं पुढे सांगते म्हटलं होतं ना? ते अजून केतकीलाही सांगितलेलं नाही. ती हे वाचत नाही, म्हणून लिहिते.

जाण्याच्या आदल्या दिवशी, राहीच्या पिवळ्या फ्रॉककडे बघत मी देवाला म्हटलं होतं... हिला जरासा ताप येऊ दे. जास्त नको, विमान चुकेल एवढाच. काहीतरी आडवं येऊ दे आणि माझी पोर माझ्याजवळ राहू दे. हे म्हणतच मी मूठ उतरवत होते. एका हाताने काढत होते आणि दुसऱ्या हाताने...

ह्याला कारण काय, मला माहीत नाही. आजतागायत नाही. तुमच्यापैकी कोणी शिकलेलं असेल तर सांगा, मी ऐकेन.

राही आता मस्त आहे. सगळ्यांशी बोलते, मामाला तिथली गाणी म्हणून दाखवते. माझा फोन आला की मात्र अजूनही हात डोळ्यांवर जातात. केतकी म्हणते, "लाजते गं." मी हो म्हणते. हल्ली मीच माझा कॅमेरा बंद ठेवते. नुसता आवाज ऐकते तिचा. आवाजाला काही होत नसावं.

घर दिवसभर रिकामं असतं, ही दोघं ऑफिसला. म्हणून म्हणते, या गं कोणीतरी. लवकर या, ओक ट्री रोडवर खरेदीला येताच ना तुम्ही, तिथून पाच मिनिटं. चहा करीन, चिवडा केलेला असतोच. लेकरांनाही आणा, घरात लेकराचा आवाज नाही किती दिवसांत. फक्त आणाल तेव्हा गालावर काजळाची तीट लावून आणा, ठळक. आणि मी फार वेळ बघत राहिले, तर मला हाक मारा.