आयपीएला गोधडी

चारुदत्तच्या बेसमेंटमध्ये मी त्याच्या बिअरला गोधडी पांघरली, ती निव्वळ मायेपोटी. रिचमंड हिलची थंडी, आणि बादलीत बिचारी आंबत ठेवलेली. नॉर्थ यॉर्कला आमच्या घरी इडलीचं पीठ असंच गुंडाळून हीटरपाशी ठेवतात. त्याची आयपीए, म्हणजे ही कडवट जातीची बिअर, गारव्यातच आंबवावी लागते, हे मला काय ठाऊक!

चारुदत्त मूळचा साताऱ्याचा. दिवसभर कोड लिहितो आणि संध्याकाळी बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं हुंगत बसतो. गेल्या वर्षी त्याच्या घरी बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबातल्या मंडळींनी "इंटरेस्टिंग" म्हणत अर्धे ग्लास तसेच ठेवले होते. यंदा एकानं तरी दुसरा ग्लास मागावा, एवढीच त्याची इच्छा.

आठवड्यानं त्यानं गोधडी उचलली, ग्लास भरला. शुभदावहिनींनी नुसता वास घेतला. "अहो, ही तर केळ्याची शिकरण!"

चारुदत्तनं एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला; गोधडीच्या उबेनं कडवटपणा पार केळ्यात बुडाला होता. मला राहवेना. मी ग्लास ओढून घेतला, डोळे मिटून संपवला आणि पुढे केला. "चारू, दुसरा दे रे."

"यात कडू तू एकटाच उरलायस, संपव अख्खी बादली!"