मामीची हरकत

नातेवाइकाच्या बातमीला हात लावायचा नाही, हा नियम मी नांदेडच्या वर्तमानपत्रात पहिल्याच आठवड्यात शिकलो. म्हणून चाकूर तालुक्यातली ती जनसुनावणी मी छापली नाही. वही मात्र बरोबर होती.

नव्या चौपदरी रस्त्याच्या आखणीत मामीची विहीर येत होती. मोजणीवाल्यांनी कठड्यावर लाल रंगाने बाणही काढून ठेवला होता. मामा गेल्यानंतर मामीने त्याच पाण्यावर दीड एकर भाजी केली आणि दोन मुली शिकवल्या. शेजारी सरकारी पडीक माळ होता. रस्ता तिकडून न्या, एवढंच तिचं म्हणणं.

सुनावणी मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नातलं 'शुभविवाह' मंचामागे तसंच लटकत होतं आणि त्याखाली भूसंपादनाचे साहेब बसले होते. बाजूला एक कारकून लॅपटॉप घेऊन. त्याच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे दोनच पर्याय होते : 'हरकत आहे' आणि 'हरकत नाही'.

साहेब अतिशय सभ्य होते. घोटाळा त्या सभ्यपणानेच झाला.

"मावशी, बसून बोला. खुर्ची देऊ का?"

"हरकत न्हाई, साहेब."

कारकुनाने बटण दाबलं.

त्यानंतर मामी दहा मिनिटं विहिरीवर बोलली. कारकून तोवर पुढच्या नावावर पोचला होता. त्या गृहस्थांना साहेबांनी विचारलं, पंखा कमी करू का. त्यांचीही हरकत नव्हती. सरपंचांना चहा विचारला, तेव्हा त्यांनी हात जोडून सांगितलं, "काहीच हरकत नाही."

शेवटी इतिवृत्त वाचून दाखवण्यात आलं. प्रकल्पाला गावाची एकमुखी संमती होती.

मामी ताडकन उठली. "मी खुर्चीला म्हणलं की! रस्त्याला न्हाई!"

"खुर्चीचा रकाना नाही, मावशी," कारकून म्हणाला.

"मग चहा वापस घ्या," मागून कोणीतरी ओरडलं.

"घ्या की. सरपंचाच्या पोटात हाय, काढा," दुसऱ्याने जोड दिली.

साहेबांनी पंधरा दिवसांनी फेरसुनावणी लावली.

त्या रात्री गावाने पारावर ठराव केला : तो शब्द बंद. चुकून बोलेल त्याने मारुतीला नारळ द्यायचा. पहिल्या दोन दिवसांत मारुतीला नऊ नारळ मिळाले, त्यांतले सहा सरपंचांचे. दुकानदाराने 'सुट्टे नाहीत, गोळ्या देऊ का' विचारलं, की गिऱ्हाईक नुसतं खोकायचं.

फेरसुनावणीला मी रजा टाकून गेलो.

"मावशी, खुर्ची?"

"हरकत हाय."

"पाणी तरी घ्या."

"हरकत हाय."

"माझा आवाज येतोय ना तुम्हाला?"

"येतोय. त्यालाबी हरकत हाय."

कारकुनाने तिन्ही हरकती स्वतंत्र नोंदवल्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरं. मी स्वतः येऊन तुमची विहीर बघितली, तर काही हरकत?"

मामीला हवं होतं ते हेच. पण त्याला होकार द्यायचा तर तिच्या तोंडात जन्मापासून एकच उत्तर बसलेलं होतं, आणि कारकुनाचं बोट बटणावर तयार होतं. सरपंचांनी डोळे मिटून घेतले.

"या," मामी म्हणाली. "जेवायलाच या."

कारकुनाने मान वर केली. "साहेब, हे कशात टाकू?"

साहेब खरंच आले. विहिरीत डोकावले, मग माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. निम्मं गाव दारात उभं राहून त्यांचं जेवण पाहत होतं. दुसरी भाकरी वाढता वाढता मामीने विचारलं, "साहेब, रस्ता माळावरनं नेला तर?"

त्यांच्या तोंडात घास होता. त्यांचं उत्तर मी जसंच्या तसं टिपलं : "तसं बघितलं तर हरकत नाही, पण—"

"लिव रं!" मामी माझ्यावर ओरडली. "पण लिवू नको!"

दारातून टाळ्या पडल्या. साहेबांचं वाक्य त्या गलक्यात राहून गेलं. मी 'पण' लिहिला होता.

सुधारित नकाशात रस्ता माळावरून गेला आहे. कारण 'तांत्रिक' असं दिलं आहे. मामीने कठड्यावरचा लाल बाण पुसला नाही. रंग आणून तिने तो माळाच्या दिशेने वळवून घेतला.

पुढे लातूरला एकदा साहेब भेटले, तेव्हा नोंद पूर्ण असावी म्हणून मी त्यांना विचारलं, त्या 'पण'च्या पुढे काय होतं?

"ताक," साहेब म्हणाले. "ठेचा फार तिखट होता हो."