माझ्या नावाची मूठ

गेलं वर्षभर मी देवघराकडे फिरकलो नव्हतो. आईने विचारलं तर अंघोळ व्हायची आहे म्हणून वेळ मारून न्यायचो. मला पुरुष आवडतात हे पंधराव्या वर्षीच कळलं होतं आणि त्याची लाज मी केव्हाच टाकून दिली होती. लाज होती ती पावडरीची. कामरेजकडच्या एका फ्लॅटवर रविवारी दुपारी आम्ही चार-पाच जण जमायचो, सगळे मोबाईलवर ओळख झालेले. एमडी नावाची ती पावडर घेतली की संकोच, भीती, उद्याचा कारखाना, काही उरायचं नाही. शुद्धही उरायची नाही.

वैशाखातल्या अशाच एका रविवारनंतर, सोमवारी भरतकामाच्या मशीनवर साडीचं डिझाईन लावताना एकदम लक्षात आलं, की काल निरोध वापरलाच नव्हता. कोणाकोणाबरोबर होतो, तेही धड आठवेना. मी मशीन बंद केलं.

मंगळवारी सकाळी सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसाने सगळ्या रांगेसमोर मोठ्याने गुजरातीत विचारलं, "शुं तकलीफ छे?" मी रांग सोडली. मागे फिरलो आणि फाटकाजवळच्या ओट्यावर बसलो. कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची घरची देवी. तिला मनात म्हणालो, तुला माझी किळस येत असेल तर सरळ सांग, म्हणजे मी उठून घरी जातो. प्रार्थना कसली, भांडणच होतं ते.

तेवढ्यात बादली घेऊन चाललेली एक आया थांबली. साठीच्या आसपासची असेल. तिने हिंदीत हटकलं, पण माझ्या बोलण्यावरून मुलूख ओळखला असावा, कारण पुढचं ती अहिराणीत बोलली. का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. पावडर, पुरुष, सगळं. तिने तोंड वाकडं केलं नाही. एवढंच विचारलं, "कितला दिन व्हयनात?"

"दोन," मी म्हणालो.

"मंग ऊठ. मन्हा संगे चाल."

बादली तिथेच ठेवून ती मला मागच्या इमारतीतल्या एका खोलीत घेऊन गेली. तिथल्या बाईंनी रक्त तपासायला घेतलं आणि समजावलं, की संबंधानंतर तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर एचआयव्हीची लागण टळू शकते, आणि जितक्या लवकर तितकं बरं. मला हे ठाऊकच नव्हतं. घरी गेलो असतो तर ती मुदत अंथरुणात रडण्यात संपली असती. अठ्ठावीस दिवस गोळ्या घेतल्या, मळमळ सोसली. पावडर सोडणं त्याहून अवघड गेलं. एकदा घसरलो, पण व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे परत जाऊन तसं सांगितलं. तपासणीत गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली, ती इंजेक्शनने बरी झाली. तीन महिन्यांनी एचआयव्हीचा अहवाल निगेटिव्ह आला.

म्हणून देवी पावली, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच फ्लॅटवरचा माझा एक मित्र पॉझिटिव्ह आहे. रोज गोळी घेतो, नोकरी करतो, माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. माझ्यावर कृपा झाली म्हटलं तर त्याच्यावर कोप झाला म्हणावं लागेल, आणि ते मी कोणाचंही ऐकून घेणार नाही. कृपा झाली ती ओट्यावर, अहवालाच्या कितीतरी आधी. मी भांडत होतो आणि मला उठवायला कोणीतरी आलं.

श्रावणात भेस्तानच्या आमच्या घरी कानबाई बसणार होती. तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. मोठ्या भावाला माझ्या कपाटात गोळ्यांची रिकामी बाटली सापडली होती, आणि त्याने विचारल्यावर मी काहीच लपवलं नव्हतं. गहू काढायच्या दिवशी तो आईला म्हणाला, यंदा याची मूठ नको, देवीला विटाळ होईल.

मी म्हणालो, "पावडर घेतली, त्याची माफी मागतो. बाकी कशाचीच मागणार नाही."

आईला किती समजलं होतं ते मला माहीत नाही. तिने सूप पुढे ओढलं. "कानबाई मी बसाडस," ती भावाला म्हणाली, "मूठ बी मीच टाकसू." आणि माझ्या नावाचे गहू तिने सुपात टाकले. भाऊ उठून गेला. रोट खायला मात्र आला. माझ्याशी बोलला नाही, अजूनही मोजकंच बोलतो. मी त्याची वाट बघेन, पण मान खाली घालून नाही. देवीच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा मी संपूर्ण माणूस ठेवला, त्यातला नको तो भाग बाहेर चपलांपाशी सोडून आलो नाही. शरण जाणं मला एवढंच कळलं आहे.

सोमवारी तापीवर विसर्जन झालं. मंगळवारी मी एक रोट रुमालात बांधून दवाखान्यात गेलो. आया जिना पुसत होती. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला. रुमाल उघडून बघितला आणि म्हणाली, "रोट भाऊबंदकीना बाहेर देतस नहीत रे."

"माहीत आहे," मी म्हणालो.

तिने पदराला हात पुसले, पायरीवर बसली आणि सगळा रोट खाल्ला.