पिशवीच्या भोकांवरचं स्टिकर

नांदे गावात आमच्या शेताच्या बांधावर रायवळ आंब्याची झाडं आहेत. फळ गोड, पण साल पातळ. पिकलं की लगेच मऊ पडतं, रस गळायला लागतो, म्हणून शहराला लागून असलेल्या सूसमधल्या सोसायटीखालचा फळवाला ते घेतच नसे. मग मी एका प्रशिक्षणाला गेले आणि मधोमध बारीक भोकं असलेल्या पिशव्या आणल्या. फळ सुकत नाही आणि घुसमटतही नाही, असं तिथं शिकवलं होतं. सासूबाईंना ते पटेना. "प्लास्टिकात आंबा टिकतोय व्हय कुटं?" पण आठवड्यानं त्यांनी त्यातलाच एक चोखला आणि म्हणाल्या, "चांगला हाय की गं."

फळवाला माल घ्यायला लागला. पहिल्या खेपा नीट गेल्या. मग एके सकाळी त्याचा फोन आला, "वहिनी, तुमचे आंबे सडके निघाले."

मी तशीच स्कूटर काढली. पोचले तेव्हा तो एका बाईंना सांगत होता, "गावाकडच्या मालाचं असंच असतं मॅडम. वर चांगले, खाली सडके."

माझं डोकंच फिरलं. मांडणीवरची एक पिशवी उचलली. आतून घामेजलेली होती. दुकानाच्या नावाचं तळहाताएवढं स्टिकर बरोबर भोकांवर चिकटवलेलं. मागच्या बाजूलाही तेच. पिशवी फाडली तर आंबूस वास आला.

"आधी हे स्टिकर नव्हतं. भोकं का बुजवली?"

"भोकं दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, पिशवी फाटलीय. आणि मग नाव कुठं लावू?"

"म्हंजे आंबे नासले तरी चालतील, पण तुमचं नाव दिसाय पायजे!" रागात माझी शहरी भाषा पार गळून पडली. "आता ह्या बाईंना सांगा, सडके कुणी केले ते!"

"एवढं काय तापताय वहिनी? स्टिकर सगळेच लावतात," म्हणत त्यानं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रॅगन फ्रूटचा डबा घेऊन त्या पैसे द्यायला गेल्या.

स्टिकर न लागलेल्या पिशव्या मी क्रेटमध्ये भरल्या आणि निघाले. दुसऱ्या दिवशी ते विकायला लवळ्याच्या रस्त्याला बसले. तिथल्या कॉलेजच्या पोरांनी दुपारपर्यंत सगळे आंबे संपवले.

तरी राग उतरला नाही. शेजारणींना, दूधवाल्याला, भेटेल त्याला मी सांगत सुटले की माझे आंबे सडके नव्हते. त्या सगळ्यांना ते ठाऊकच होतं. जिला सांगायला हवं होतं, ती बाई मात्र सूसमध्ये आजही आम्हाला लबाड समजत असेल.